पाळी गेल्यावर कंबर का वाढते?

हर्सूलच्या मोहल्ल्यांत पन्नाशीच्या बायका एकत्र बसल्या की एक तक्रार हमखास निघते: खाणे पूर्वीइतकेच, तरी कुर्ता कमरेत बसत नाही. घरच्यांचे उत्तर ठरलेले असते, "अम्मी, कमी खात जा." आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते आणि अन्यायाचेही.

आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. सलग बारा महिने आली नाही की ती गेली असे डॉक्टर मानतात. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. तरुणपणी त्याच्यामुळे चरबी मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर साठते. ते घटले की चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. म्हणून वजनकाट्यावर फारसा फरक नसला तरी कंबर वाढते.

वजन वाढण्याची कारणे मात्र आणखी आहेत. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि शरीराला लागणारे अन्न कमी होते. हर्सूल गाव होते तेव्हा शेत, विहीर आणि जाते बाईला स्वस्थ बसू देत नव्हते. आज मिक्सर आहे, दारात रिक्षा आहे, घरकाम सुनेकडे गेले आहे. त्यात गुडघे दुखतात, रात्री अंगातून वाफा निघून झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

यावर उपाशी राहणे हा उपाय नव्हे. त्याने उरलेले स्नायूही झिजतात. प्रत्येक जेवणात डाळ, अंडे, दही, मासे किंवा बिनचरबीचे मटण असावे. हात आखडायचा तो तेलावर. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. दावतीत नान-खलिया जरूर खावा, पण सालनावरची तर्री बाजूला सारावी. आणखी एक गोष्ट: रिज्क वाया जाऊ नये म्हणून पातेल्यात उरलेले सारे अम्मीनेच का संपवायचे? पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण घरातल्या सर्वांसाठी आहे.

आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालावे. फज्रनंतरची वेळ उत्तम. सोबतीला शेजारीण, मुलगी किंवा शोहर असावा. आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्यावे: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे. नमाजने सांधे हलते राहतात, पण ती इबादत आहे. चालणे वेगळे करावेच लागते.

टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा मानली जाते. त्यापुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. रक्तदाब, साखर आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी मनपाचे आरोग्य केंद्र किंवा घाटी रुग्णालय आहे.

आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर लाजून लपवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि तिची काळजी घेण्यात कसलीही शरम नाही.