बाइकखाली डाग? आधी पावडर मारा!

सकाळची लोकल पकडायला बाइक बोईसर किंवा पालघर स्टेशनबाहेर लावायची आणि संध्याकाळी परत काढायची, हा आपल्याकडच्या कित्येक कॉलेजवाल्यांचा रोजचा कार्यक्रम. बाइक हलवली की खाली रुपयाएवढा काळा डाग दिसतो. ‘शेजारच्या गाडीचा असेल’ म्हणत आपण किक मारतो. असेलही. पण तो आपल्याच गाडीचा असेल, तर प्रकरण डागापुरतं राहत नाही.

हिशेब साधा आहे. १००-१२५ सीसीच्या बहुतेक बाइक्समध्ये इंजिन ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं २०० मिली गळलं तर पाचवा हिस्सा गेला. यातली बरीच इंजिनं एअर-कूल्ड असतात, त्यामुळे ऑइलवर वंगणासोबत इंजिनची उष्णता बाहेर काढायचीही जबाबदारी असते. ते फार कमी झालं की आवाज वाढतो, आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस इंजिन जाम. त्याहून वाईट म्हणजे ऑइल मागच्या टायरवर उडणं. पावसात चिल्हार फाट्याचा रस्ता, मागेपुढे एमआयडीसीचे टँकर-ट्रेलर आणि आपला टायर तेलकट, हे चित्र डोळ्यासमोर आणा. टायरपर्यंत ऑइल पोचलं असेल तर गाडी चालवायचीच नाही. बाकी सगळं नंतर.

बरीचशी किरकोळ गळती घरी थांबवता येते. पण पाना हातात घेण्याआधी गळतंय कुठून ते शोधावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. ऑइल वरून पाझरतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे ओढलं जातं आणि शेवटी सगळ्यात खालच्या नटावरून टपकतं. आपण म्हणतो ड्रेन नट लीक आहे, आणि त्याला आवळत बसतो.

म्हणून आधी धुलाई. इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीझर किंवा साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करा. पेट्रोलने धुवायचा शॉर्टकट नको, भडका उडायला एक ठिणगी पुरते. इंजिन नीट वाळलं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मग मोकळ्या जागेत, डबल स्टँडवर, गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. पांढऱ्या पावडरीवर ओली काळी रेघ उमटेल. तिचं खालचं टोक नाही, वरचं टोक बघायचं. गळती तिथे आहे. काहीच दिसलं नाही तर रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघा.

यात दोन फसवे प्रकार असतात. पुढच्या स्प्रॉकेटजवळचा काळा चिकट थर बऱ्याचदा चेनला मारलेल्या ल्यूबचा असतो. आणि ऑइल जास्त भरलं गेलं असेल तर ते ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं. तिथे काही खोलायची गरज नाही, लेव्हल कमी करायची. डिपस्टिक फिरवून बसवून बघायची की नुसती टेकवून, हे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वाचा.

आता खरंच ड्रेन नट गळत असेल, तर दोष बहुधा नटाचा नसतो, त्याखालच्या वॉशरचा असतो. गॅरेजच्या भाषेत ‘वायसर’. हा मऊ धातूचा वॉशर दाबला जाऊन जागा भरून काढतो, म्हणून एकदा चपटा झाला की त्याचं काम संपलं. नवा चहाच्या पैशात मिळतो. पुढच्या ऑइल चेंजच्या वेळीच तो बदलून टाका. इंजिन कोमट करा, खाली पसरट भांडं ठेवा, बरोबर मापाचा रिंग पाना लावून नट खोला. बसवताना पहिले काही आटे फक्त बोटांनी फिरवायचे. अडकलं तर उलटं फिरवून पुन्हा. नट स्टीलचा, इंजिनची बॉडी अॅल्युमिनियमची, म्हणजे जोर लावला तर कोण हरणार हे ठरलेलंच आहे. पान्याला पाइप लावून लटकणारे वीर प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. आटे गेले की मग लेथवाल्याकडे फेरी.

टॅपेटच्या गोल टोप्यांपाशी गळत असेल तर आतली रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक झालेली असते. इंजिन गार असताना टोपी काढा, जागा पुसा, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून बसवा. अर्ध्या तासाचं काम. बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापणं मात्र निव्वळ टाइमपास, कारण तेलकट धातूवर ते धरत नाही. आत जास्तीचं गेलेलं सिलिकॉन सुटून जाळीत अडकतं ते वेगळंच.

हेड गॅस्केट, इंजिनचा मधला जोड, गिअर शाफ्टचं सील, हे सरळ गॅरेजचं काम.

ऑइल भरताना डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघा. गिअरच्या बाइकचा क्लच बहुधा ऑइलमध्येच बुडालेला असतो. बाबांच्या कारचं उरलेलं ऑइल ओतलं तर तो घसरू शकतो.

राहिलं भांड्यातलं काळं ऑइल. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्यावर आपण सगळेच बोलतो. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. आणि हेच ऑइल मात्र बिल्डिंगमागच्या गटारात जातं, पावसात तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. वाळवी लागू नये म्हणून ते कुंपणाच्या खांबांना फासायची पद्धतही सोडायला हवी, कारण ते शेवटी मातीतच उतरतं. नव्या ऑइलचा रिकामा डबा फेकू नका. जुनं त्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप ठेवलेलं असतं तिथे देऊन टाका. ते ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी विकलं जातं, त्यामुळे गॅरेजवाला सहसा नाही म्हणत नाही. फक्त त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळलेलं नको.