वृद्धदृष्टिता निवारणासाठी पारपटलातील रोपण-चकत्यांची निर्मिती : एक विवेचन

प्रस्तावना :

वयाची चाळिशी ओलांडली की जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, सुईत दोरा ओवण्यासाठी घरातील लेकराला हाक मारावी लागते. मराठीत या वयाला आणि या वयात लागणाऱ्या चष्म्याला 'चाळिशी' हा एकच शब्द रूढ झाला आहे, यावरून ही अवस्था किती सार्वत्रिक आहे हे लक्षात येते. शास्त्रीय परिभाषेत तिला 'वृद्धदृष्टिता' असे म्हणतात. २०१५ साली जगातील सुमारे १८० कोटी लोकांना वृद्धदृष्टिता होती व त्यांपैकी ८० कोटींहून अधिक लोकांना योग्य चष्मा न मिळाल्याने जवळचे नीट दिसत नव्हते, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात मांडण्यात आला आहे.

परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८.३६ लाख असून तिचा मोठा भाग खेड्यांत राहतो. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील महत्त्वाची पिके होत. शेती म्हणजे दूरवर पाहण्याचे काम, असा एक समज आहे. वास्तविक बियाणे निवडणे, पानाखालची कीड ओळखणे, कीटकनाशकाच्या बाटलीवरील बारीक अक्षरांतील मात्रा वाचणे, धान्यातील खडे वेचणे ही सर्व जवळच्या दृष्टीची कामे आहेत. त्यामुळे या दोषावर कायमचा उपाय सापडतो काय, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही. चष्म्याला पर्याय म्हणून डोळ्याच्या पारपटलात बसविण्याच्या चकत्या गेल्या काही दशकांत तयार करण्यात आल्या. त्या कशा घडविल्या जातात, त्यांना कोणत्या अडचणी आल्या आणि त्यापासून आपण काय बोध घ्यावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वृद्धदृष्टितेचे कारण :

निरोगी डोळ्यात जवळची वस्तू पाहताना समायी स्नायू आकुंचन पावतात व भिंग अधिक फुगीर होते. यालाच समायोजन म्हणतात. वयोमानानुसार भिंग कठीण होत जाते व त्याची ही लवचीकता ओसरते. बालवयात दहा डायॉप्टरहून अधिक असलेली समायोजन शक्ती साठीच्या सुमारास जेमतेम एका डायॉप्टरवर येते. ४० सेंमी अंतरावरील मजकूर वाचण्यास २.५ डायॉप्टरची गरज असते. ही तूट भरून काढण्याचे काम वाचनाचा चष्मा करतो.

डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी अंदाजे ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाची असते. शिवाय ते डोळ्याच्या अगदी पुढे असल्याने शस्त्रक्रियेस सुलभ आहे. म्हणूनच दोष भिंगाचा असूनही दुरुस्ती पारपटलात करण्याचा विचार पुढे आला.

निर्मितीपुढील मूळ प्रश्न :

पारपटल मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. ते पारदर्शक राहावे म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः पुढून, अश्रूंच्या थरातून मिळतो, तर ग्लुकोज मागून, नेत्रोदकातून झिरपत येते. आता या दोहोंच्या मध्ये अभेद्य चकती ठेवली तर पुढच्या थरांचे पोषण तुटते व ते पातळ होऊ लागतात. कोलंबियातील नेत्रतज्ज्ञ होसे बाराकेर यांनी १९४९ च्या सुमारास पारपटलात काचेच्या चकत्या बसविण्याचे प्रयोग केले. तथापि पारपटलाने अशा चकत्यांचा स्वीकार केला नाही. त्यानंतरचे सर्व आराखडे म्हणजे 'पोषण न तोडता प्रकाश कसा वळवावा' या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे होत.

रोपण-चकत्यांचे प्रकार :

(अ) सूक्ष्मछिद्र चकती : अमेरिकेतील ॲक्युफोकस कंपनीने विकसित केलेली 'कामरा' ही चकती ३.८ मिमी व्यासाची असून तिच्या मध्यभागी १.६ मिमीचे छिद्र असते. लहान छिद्रातून पाहिले असता जवळचे व दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, हे यामागील तत्त्व. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या बहुवारिकात कार्बनचे सूक्ष्म कण मिसळून ती काळी केली जाते. तिची जाडी केवळ ५ ते ६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. पोषक द्रव्ये आरपार जावीत म्हणून तिच्यात ५ ते ११ मायक्रॉन व्यासाची ८,४०० छिद्रे असतात. ही छिद्रे ओळीने पाडली तर प्रकाशाचे विवर्तन होऊन दिव्यांभोवती वलये दिसतील. त्यामुळे ती मुद्दाम विस्कळीतपणे पाडली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तिला मान्यता दिली. डोळ्यात जाणारा प्रकाश कमी होत असल्याने ती एकाच डोळ्यात बसविली जाई. मंद उजेडात त्या डोळ्याची अडचण जाणवू शकते.

(ब) आकार बदलणारी चकती : 'रेनड्रॉप' ही २ मिमी व्यासाची, मध्यभागी सुमारे ३० मायक्रॉन जाडीची चकती होती. ती जलधारक बहुवारिकाची असून तिच्यात सुमारे ८० टक्के पाणी होते. अपवर्तनांक पारपटलाइतकाच असल्याने तिला स्वतःची भिंगशक्ती नव्हती. तिच्यामुळे पारपटलाचा मध्यभाग किंचित उचलला जाई व तोच जवळच्या दृष्टीस उपयोगी पडे. तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

(क) अपवर्तनी चकती : 'फ्लेक्सिव्ह्यू' ही ३ मिमी व्यासाची चकती जलस्नेही ॲक्रिलिकची असून तिच्या कडेच्या भागास वाचनाच्या चष्म्यासारखी शक्ती दिलेली असते, तर मध्यभाग दूरच्या दृष्टीसाठी शक्तिरहित ठेवलेला असतो. केंद्रातील सुमारे ०.१५ मिमीचे छिद्र द्रवाच्या वहनासाठी असते.

(ड) मानवी ऊतीची चकती : चेन्नई येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. सूसन जेकब यांनी विकसित केलेली 'पर्ल' ही पद्धती भारतीय आहे. निकटदृष्टितेवरील 'स्माइल' या लेसर शस्त्रक्रियेत तरुण रुग्णाच्या पारपटलातून एक पातळ थर काढला जातो. एरवी तो टाकून दिला जातो. दात्याच्या आवश्यक रक्तचाचण्या करून याच थरातून १ मिमीची चकती कापून ती वृद्धदृष्टितेच्या रुग्णाच्या पारपटलात ठेवली जाते. ही पारपटलाचीच ऊती असल्याने पोषणास अडथळा येत नाही, असे या पद्धतीमागील गृहीत आहे. २०१७ मध्ये तिचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र ते मोजक्या रुग्णांवरील होते.

अनुभवातून मिळालेला धडा :

'रेनड्रॉप'चा इतिहास येथे विशेष बोलका आहे. मान्यतेनंतर केलेल्या पाठपुराव्यात सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांच्या पारपटलावर धूसरपणा आढळला. निर्माती कंपनी २०१८ च्या प्रारंभी बंद पडली व त्याच वर्षी अमेरिकी प्रशासनाने ही चकती न वापरण्याचा इशारा दिला. मऊ व जलयुक्त असूनही पारपटलातील पेशींनी तिला परकेच मानले. चकती काढून टाकता येते, हा या उपचाराचा फायदा सांगितला जातो व तो खराही आहे. परंतु चकती काढली म्हणजे धूसरपणा जाईलच, असे नाही.

चकती कारखान्यात अचूक बनली म्हणजे निर्मिती यशस्वी झाली, असे म्हणता येत नाही. जिवंत ऊतीत ती कित्येक वर्षे निमूट राहिली पाहिजे. शिवाय येथे डोळा आजारी नसतो. साध्या चष्म्याने भागणाऱ्या दोषासाठी निरोगी पारपटलास छेद द्यावयाचा असल्याने पुराव्याची अपेक्षाही अधिक कठोर असावयास हवी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व ही शस्त्रक्रिया यांत हा मूलभूत फरक आहे.

भारतीय संदर्भ :

मदुराई येथील ऑरोलॅब या संस्थेने १९९२ पासून मोतीबिंदूनंतर बसवावयाची कृत्रिम भिंगे देशात बनवून त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. त्यामुळे पारपटलातील चकत्याही येथेच स्वस्तात का बनवू नयेत, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. परंतु कृत्रिम भिंगाची उपयुक्तता आधी सिद्ध झाली होती, नंतर ते स्वस्त झाले. चकत्यांच्या बाबतीत पहिलीच पायरी अपुरी आहे.

मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्सच्या 'प्रेसव्ह्यू' या थेंबांचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांतील पायलोकार्पिनमुळे डोळ्याची बाहुली आकसते, म्हणजे 'कामरा'चेच सूक्ष्मछिद्र तत्त्व येथे औषधाने साधले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये या थेंबांना परवानगी मिळाली. पुढच्याच महिन्यात, मान्यतेपलीकडील प्रसिद्धीच्या कारणावरून औषध नियंत्रकांनी ती स्थगित केली. चष्म्यापासून मुक्तीची लोकांना किती ओढ आहे व त्या ओढीचा प्रचारासाठी कसा उपयोग होतो, हे यातून दिसते.

याउलट आसाममधील चहामळ्यांत ४० वर्षांवरील साडेसातशे मजुरांवर झालेल्या व २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळचा चष्मा दिलेल्या मजुरांची उत्पादकता तुलना-गटाच्या मानाने सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले.

निष्कर्ष :

पारपटलातील चकत्यांची निर्मिती हे सूक्ष्म अभियांत्रिकीचे अभिमानास्पद उदाहरण आहे. तथापि 'कामरा', 'रेनड्रॉप' व 'फ्लेक्सिव्ह्यू' या तिन्हींपैकी एकही चकती सर्वमान्य उपचार ठरू शकली नाही. मानवी ऊतीचा मार्ग आशादायक वाटतो, पण त्यालाही दीर्घकालीन पाठपुराव्याची कसोटी द्यावी लागेल. तोवर अशा शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने चकती कशाची आहे, किती वर्षांचा अनुभव उपलब्ध आहे आणि ती काढावी लागल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न वैद्यांना अवश्य विचारावेत. परभणीसारख्या जिल्ह्यात आजची गरज मात्र निराळी आहे. गावपातळीवर चाळिशीनंतरची नेत्रतपासणी व्हावी आणि कापूस वेचणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, फवारणी करणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर योग्य क्रमांकाची साधी चाळिशी यावी. संशोधन पुढे जात राहीलच, परंतु बाटलीवरील मात्रा वाचण्यासाठी शेतकऱ्याला त्याची वाट पाहावी लागू नये.