पायरीवर बसलेल्या पाळकबाई

जानेवारीतला शेवटचा रविवार. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या डोंगरांतल्या एका लहान गावातलं पांढरं लाकडी चर्च. बाहेर गुडघाभर बर्फ, आत बॉयलरची ऊब. दोनशे माणसं सहज बसतील एवढे बाक आणि माणसं तेवीस. मला आणि माझ्या मुलीला धरून पंचवीस. पहिल्या चार रांगांत कोणीही नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली आहे, आणि आम्ही कोणाच्या तरी जागेवर बसलो आहोत हे एका आजींच्या घुटमळण्यावरून कळतं. त्या हसतात, काही न बोलता मागे जाऊन बसतात.

उपासना ठरल्या मिनिटाला सुरू होते. ऑर्गन सुरेख वाजतो. वाजवणाऱ्या बाई पगारी आहेत, दुसऱ्या गावाहून येतात. पहिलं गीत, वचनाचं वाचन, मग प्रार्थनेच्या विनंत्या. कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कोणाची नात कॅलिफोर्नियात बाळंत झाली आहे. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक आहे, आणि ही माया खरी आहे. छापील पत्रिकेत पुढची ओळ आहे, ‘मुलांसाठी दोन शब्द’.

चर्चमध्ये एकही मूल नाही. ऑर्गनवाल्या बाई सवयीने पुढच्या गीताचं पान उघडतात. पण पाळकबाई आज व्यासपीठावरून खाली येतात, पायरीवर बसतात, झगा गुडघ्यांवर ओढून घेतात आणि थांबतात.

बॉयलरचे नळ खडखडतात. एक गृहस्थ घड्याळ पाहतात. पाळकबाई एकेका बाकाकडे पाहत आहेत. नजरेत राग नाही, पण ती हटतही नाही. शेवटी मागून अगदी प्रेमळ आवाज येतो, “चालू द्या पुढचं. आज मुलं नाहीत.”

“आज?” पाळकबाई विचारतात. “ही ओळ आपण दर रविवारी छापतो. या पायरीवर शेवटचं मूल कधी बसलं होतं, कोणी सांगेल मला?”

कोणी सांगत नाही. त्या उठतात, गीताचा क्रमांक सांगतात, आणि सगळे उभे राहून चारही कडवी नीट गातात.

उपदेशाला त्या प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातलं लावदिकीयाच्या मंडळीचं पत्र घेतात. आमच्या नगरच्या मंडळीत ते मी लहानपणापासून ऐकत आले, बहुधा गरम आणि थंड पाण्याच्या अंगाने. या बाई भूकंपापासून सुरुवात करतात. इसवी सन ६० मध्ये लावदिकीया भूकंपात कोसळलं, आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं; टॅसिटस या रोमन इतिहासकाराने तशी नोंद केली आहे. शहराला अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पुढे त्याच शहरातल्या मंडळीला वाटू लागलं की आपल्याला कशाची गरज नाही. “आपलंही तसंच झालंय,” त्या म्हणतात. “आपल्याकडे ठेव आहे.”

ठेव म्हणजे जुन्या सभासदांनी मृत्युपत्रात चर्चला ठेवलेला पैसा. न्यू इंग्लंडच्या पुष्कळ जुन्या मंडळ्यांकडे तो असतो. इथे त्याच्या उत्पन्नावर बॉयलर चालतो, ऑर्गन सुरात राहतो, पाळकबाईंचा अर्धवेळेचा पगार निघतो. दानपात्रात काय पडलं याने रविवार अडत नाही. या राज्यात १८३३ पर्यंत गावच्या मंडळीचा खर्च करातून भागत असे, तेव्हा कोणीतरी आधीच पैसे भरून ठेवलेले असण्याची सवय इथे जुनी आहे. देशभर चित्र काय आहे हे यांना माहीत नाही असं नाही. गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९९९ साली सत्तर टक्के अमेरिकन कोणत्या ना कोणत्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते. २०२० मध्ये सत्तेचाळीस. या पाहण्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आकडा निम्म्याखाली आला. पाळकबाई आकडे सांगतात तेव्हा माना हलतात. ते दुसऱ्या चर्चबद्दल आहेत, अशा तऱ्हेने हलतात.

मला हे परक्यासारखं बघवत नाही, त्याला कारण आहे. इथून मोटारीने थोड्याच अंतरावर विल्यम्सटाउन आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कॉलेजातली पाच मुलं वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली, आणि तिथे केलेल्या प्रार्थनेतून पुढे, १८१० साली, परदेशी मिशनकार्यासाठी अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. १८३१ मध्ये मिशन नगरला पोचलं, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये एकट्या मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले त्या पाहून आले होते. या सगळ्याला पैसा पुरवणाऱ्या मंडळ्या अशाच होत्या, डोंगरातल्या, शेतकऱ्यांच्या. आठवड्याला एकेक सेंट बाजूला टाकणाऱ्या बायकांचे संघ होते. माझी आजी मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली. त्या मंडळ्यांना ठेव नव्हती, तरी त्यांनी समुद्रापार माणसं पाठवली.

उपासनेनंतर तळघरातल्या दालनात कॉफी आहे, आणि मग वार्षिक सभा. कॉफीबरोबर घरून आणलेले केक, चीज घातलेली मॅकरोनी, बीन्सचं सूप. तिघेजण येऊन “तुम्ही आलात, फार बरं वाटलं” म्हणतात आणि आपापल्या घोळक्यात परततात. नाव कोणी विचारत नाही. कुठून आलात, हेही नाही. आपण फार मनमिळाऊ मंडळी आहोत, असं मात्र सभेच्या अहवालात लिहिलेलं आहे.

सभेत पहिला विषय छपराचा. खजिनदार उभे राहतात. ऐंशीच्या घरातले, आजही पहाटे चर्चसमोरचा बर्फ त्यांनीच फावड्याने काढला आहे. स्लेटच्या फरश्या, तांब्याच्या पन्हाळी, ठेवीतून उचलायची रक्कम, सगळं त्यांना तोंडपाठ. प्रश्न येतात, उत्तरं मिळतात, दोघे कंत्राटदाराशी बोलायची जबाबदारी घेतात, ठराव एकमताने मंजूर. टाळ्या होतात.

दुसरा विषय पाळकबाईंचा. जवळच्या शहरात स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांची एक मंडळी आहे. सध्या ती भाड्याच्या दुकानात भरते. त्यांच्याकडे चाळीसएक मुलं आहेत आणि जागा नाही. रविवारी दुपारी हे चर्च त्यांना द्यावं, आणि महिन्यातून एकदा दोन्ही मंडळ्यांनी एकत्र उपासना करून एकत्र जेवावं.

दालन गप्प होतं. मग चाव्या कोणाकडे राहतील? विम्यात बसेल का? स्वयंपाकघरातली भांडी कोण मोजून ठेवील? दुपारी बॉयलर चालवायचा खर्च कोणाचा? एक बाई म्हणतात, “आपलं बरं चाललंय की.” त्यांच्या आवाजात कटुता नाही. त्यांना खरोखरच तसं वाटतं.

सभा चालू असताना मी मनाशी या माणसांची बाजू मांडून पाहते. ती म्हातारी आहेत, आपल्या पिढीतल्या बहुतेकांना त्यांनी पुरलं आहे, दमली असतील. पण पंधरा मिनिटांपूर्वी छपरासाठी हीच माणसं किती उत्साहाने उठली! नाही, ही थकलेली माणसं नाहीत. आपल्या हयातीपुरतं सगळं पुरेल हा हिशोब त्यांच्या मनात पक्का झाला आहे, आणि त्या हिशोबात ती चाळीस मुलं कुठेच नाहीत. म्हणून पाळकबाईंचं म्हणणं मला खरं वाटतं.

विषय समितीकडे पाठवावा, अशी सूचना येते. सभासद हात वर करतात. बाजूने बारा, विरुद्ध नऊ. समिती पुढच्या जानेवारीत अहवाल देईल.

मी कप धुवायला स्वयंपाकघरात जाते तेव्हा पाळकबाई बाह्या सरसावून तिथेच उभ्या आहेत. आठवड्याचे बाकीचे दिवस त्या मरणासन्न रुग्णांच्या सेवाकेंद्रात काम करतात. “तिथली माणसं मला रोज काहीतरी मागतात,” त्या म्हणतात. “पाणी, हात, प्रार्थना, मुलाला फोन. इथे मला कोणी काही मागत नाही. भांडले तरी चालेल. माझा उपदेश फेकून द्या म्हणाले तरी चालेल. पण ‘छान झाला हं’ म्हणून हात मिळवतात आणि घरी जातात.” त्यांचे डोळे भरलेत, पण हात थांबत नाहीत. मग त्या मला नाव विचारतात. मी नगरचं सांगते, आजीचं सांगते. कप खाली ठेवून त्या म्हणतात, “हे मघाशी वर का नाही सांगितलंत?”

मी सभासद नाही, सभेत बोलायचा मला हक्क नव्हता. पण माझी मुलगी याच जिल्ह्यात राहते, आणि परतीच्या वाटेवर तिने सभासद व्हायचं कबूल केलं आहे. न्यू इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. आपली मराठी उपासना महिन्यातून एकदा होते ती होऊ द्या. उरलेल्या रविवारी गावातल्या अशा मंडळीत जा, मुलांना घेऊन जा. नुसती कॉफी पिऊन परतू नका. सभासदत्व मागा. या मंडळ्यांत प्रत्येक निर्णय हात वर करून होतो, आणि इथे तीन हात कमी पडले.