सुकाणूचाकातील बळ : किती ठेवावे आणि का

गाडी चालविणाऱ्याला रस्त्याची जाणीव केवळ डोळ्यांनी होत नाही. टायरांनी रस्ता घट्ट धरला आहे की ते निसटू लागले आहेत, हे बरेचसे त्याच्या तळहातांना कळते; आणि तेही गाडी प्रत्यक्ष घसरण्यापूर्वी. पडद्यावरील शर्यतीच्या खेळात मात्र हाताखाली रस्ताही नसतो व टायरही नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी खेळाच्या सुकाणूचाकात, म्हणजे स्टिअरिंगमध्ये, विजेची मोटर बसविलेली असते. टायरांवरील बलांचे गणित संगणक सतत करीत असतो व त्या उत्तरानुसार मोटर चाक फिरवू पाहते. या योजनेस फोर्स फीडबॅक, अर्थात बलप्रतिसाद, असे म्हणतात. कल्पना खेळापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९५४ मध्ये किरणोत्सर्गी पदार्थ दुरून हाताळण्यासाठी विद्युत्-चालित यांत्रिक हात सिद्ध केले. पलीकडच्या हाताला झालेला विरोध अलीकडे चालकाच्या हाताला जाणवे.

आता वळणावरील टायरकडे पाहू. वळण घेताना पुढील चाकाचा रोख आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल यांत अल्प कोन पडतो. टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याच्या मध्यबिंदूच्या किंचित मागे आडवे बल कार्य करते, आणि त्यामुळे चाक पुन्हा सरळ होऊ पाहते. हेच परिबल सुकाणूचाकावर हाताला जाणवते. कोन वाढत गेला की टेकलेल्या भागाची मागील बाजू घसरू लागते, बलाचा बिंदू पुढे सरकतो आणि तरफ आखूड होते. आडवे बल अद्याप वाढत असते, पण परिबल त्याआधीच उतरू लागते. (चाकाच्या जोडणीतील कलामुळे येणारा परिबलाचा भाग असा लवकर घटत नाही, म्हणून सुकाणूचाक एकदम मोकळे पडत नाही, हलके होते.) कुशल चालक ज्या इशाऱ्याची वाट पाहतो तो हाच हलकेपणा होय.

नवशिका खेळाडू हाच इशारा स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. बळ जितके जास्त तितकी गाडी खरी, असे समजून तो ‘गेन’ हे प्रमाण शेवटपर्यंत वाढवितो. परंतु मोटरच्या शक्तीला मर्यादा असते. लॉजिटेक कंपनीच्या २०१५ मधील जी-२९ या चाकाचे कमाल परिबल सुमारे २ न्यूटन-मीटर आहे; म्हणजे चाकाच्या कडेला साधारण दीड किलोग्रॅमचे वजन टांगावे एवढेच. समजा, मोटरची कमाल क्षमता १०० मानली, आणि वळणावर गणिताने १४० एवढे बळ मागितले. पकड सुटू लागताच ते ११० वर आले. मोटर दोन्ही वेळा १००च देणार! हाताला काहीच फरक कळत नाही आणि गाडी सरळ वाळूत जाते. यालाच क्लिपिंग म्हणतात : लाटेचा माथा छाटला जातो. तेच गेन सात-दशांशावर आणले तर १४० चे ९८ होतात आणि ११० चे ७७. बळ एकंदरीत कमी झाले, पण उतार हाताला स्पष्ट लागला.

इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या संस्थेच्या ‘असेत्तो कोर्सा’ (२०१४) या खेळात हे डोळ्यांनीही तपासता येते. पेडलांच्या दर्शकापाशी बळाची एक पट्टी असते. मर्यादा ओलांडली की ती लाल होते. मोंझा येथील पॅराबोलिका वळण लांब व वेगवान असल्याने या परीक्षेस सोयीचे. तेथे वेगाने फिरताना पट्टी सतत लाल राहिली तर गेन उतरवावे. कडेच्या उंचवट्यावरून जाताना क्षणभर लाल झाली तर हरकत नाही. प्रत्येक गाडीचे बळ निराळे असल्याने हे प्रमाण गाडीगणिक वेगळे ठेवण्याची सोय तेथे आहे, आणि ती वापरावी.

‘मिनिमम फोर्स’ची गोष्ट उलट आहे. जी-२९ मध्ये मोटर व चाक यांच्यामध्ये दाते असलेली चक्रे आहेत. अगदी सूक्ष्म बळ त्यांच्या घर्षणातच संपते. म्हणून प्रत्येक बळाला तळाशी थोडी भर घालतात. भर जास्त झाली, तर सरळ रस्त्यावर हात सैल सोडताच चाक आपोआप डावी-उजवीकडे डोलू लागते. ते डोलणे थांबेपर्यंत भर घटवावी. फिल्टर वाढविल्यास थरथर शमते खरी, पण त्याबरोबर रस्त्याचे बारकावेही पुसट होतात. रस्त्याचे व कडांचे जे कृत्रिम हादरे वरून मिसळता येतात, ते दुबळ्या मोटरवर शून्याजवळच बरे. कारण तेही त्याच मर्यादित शक्तीत वाटा मागतात.

मोटरच्या दांड्यावरच चाक बसविलेल्या ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ यंत्रांत मधली चक्रे नसतात, त्यामुळे मिनिमम फोर्स शून्य ठेवला तरी चालतो. त्यांतील काही यंत्रे २० न्यूटन-मीटरपेक्षाही अधिक परिबल देतात. तेथे क्लिपिंगपेक्षा मनगटाची चिंता अधिक. पडद्यावरील गाडी भिंतीवर आदळली की चाक हिसका देते आणि आऱ्यांत अडकलेला अंगठा दुखावतो. म्हणून अंगठे आऱ्यांबाहेर, कडेवर ठेवावेत, तातडीचे बंद-बटण हाताच्या टप्प्यात असावे, आणि बळ प्रथम अगदी थोडे ठेवून फेरीमागून फेरी वाढवीत न्यावे.