सणाच्या पंगतीत ज्येष्ठांचे पान

पनवेलजवळच्या ओवे गावाभोवती आज खारघरच्या उंच इमारती उभ्या आहेत. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि त्यानंतर या पट्ट्यातील भातखाचरे हळूहळू नगरात विरून गेली. तरीही भाद्रपद उजाडला की जुन्या घरांत विळीवर नारळ खवला जातो, परसातल्या हळदीची पाने खुडली जातात आणि वालाला मोड आले की नाहीत हे फडके उघडून पाहिले जाते. गणपती आणि गौरी हा येथील आगरी कुटुंबांचा सर्वांत मोठा मेळावा.

आमच्या घरी अशाच एका चतुर्थीला माझ्या सासूबाईंपुढे आम्ही मऊ खिचडीचे वेगळे ताट ठेवले. मधुमेह, रक्तदाब आणि कवळी, एवढी कारणे आमच्याजवळ होती. त्यांनी ताट हलकेच बाजूला सारले आणि म्हणाल्या, “मना वेगलं ताट नको गो.” त्या दिवशी आरतीलाही उशीर झाला होता. सकाळची मधुमेहाची गोळी पोटात, जेवण मात्र नाही. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखरेच्या पाण्याने त्या सावरल्या. परंतु काळजीपोटी केलेल्या आमच्या व्यवस्थेत खरी काळजी कोठे चुकली होती, हे आम्हांला उमगले. पथ्य ताटात पाळले गेले आणि वेळेत मोडले गेले.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: पातेले सर्वांचे एकच, ज्येष्ठांसाठी बदलायचे ते प्रमाण, मऊपणा आणि वेळ.

ऋषीची भाजी. ऋषिपंचमीला बैलांच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. म्हणून अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, शिराळी, भोपळा, मक्याचे कणीस अशा परसातल्या भाज्या एकत्र शिजवून वर ओले खोबरे घालतात. तेल जवळजवळ नाही, मसाला नाही. ज्येष्ठांसाठी याहून सोयीचा पदार्थ सणात दुसरा नसेल. अळू व सुरण घशाला खाजतात, म्हणून चिंचेचा कोळ घालून ते पूर्ण शिजवावे. ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी कणसाचे तुकडे बाजूला काढून उरलेली भाजी रवीने घोटावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि प्रमाण डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी एकाच दिवशी पालेभाजी एकदम वाढवू नये.

वालाचे बिरडे. रायगडच्या कडव्या वालांचे हे वैभव. उतारवयात स्नायू झिजतात, त्यामुळे प्रथिनांची गरज कमी न होता उलट वाढते. साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलावेत आणि बोटाने सहज चेपतील इतके शिजवावेत. मीठ बेताने घालावे. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सणाच्या दिवशी पापड आणि लोणचे ही मर्यादा नकळत ओलांडायला लावतात. आमसुलाचा आंबटपणा असला की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

उकडीचे मोदक. गुळाचा मोदक मधुमेहाला चालतो, हा मोठा गैरसमज आहे. रक्तातील साखर गुळानेही वाढते. साखर आटोक्यात असेल तर एक लहान मोदक जेवणाच्या शेवटी घ्यावा आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करावा. दुसरी काळजी गिळण्याची. उकड थंड झाली की चिवट होते आणि खोबऱ्याचा कीस घशात अडकू शकतो. म्हणून सारणाचे खोबरे बारीक वाटावे आणि मोदक कोमट असतानाच तुपात कुस्करून द्यावा. पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळणे अवघड झाले असेल, तर मोदकाचा आग्रह करू नये. त्याच गूळ-खोबऱ्याची, डॉक्टरांनी सांगितलेल्या दाटपणाची मऊ खीर द्यावी.

गौरीचा तिखट नैवेद्य. आगरी, कोळी व कोकणातील इतरही अनेक घरांत गौरीला मांसाहारी नैवेद्य दाखवतात. मटण हाडावेगळे करून मऊ शिजवावे, वरची तर्री काढून टाकावी. तांदळाची भाकरी रश्श्यात भिजवून दिली की कवळी लावणाऱ्यांनाही ती सहज जाते.

आता वेळेविषयी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आरती लांबणार असेल, तर ज्येष्ठांना आधी जेवू घालण्यात देवाचा अवमान नाही. घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा दिसताच, व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. जेवताना पाठ ताठ असावी, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. भाद्रपदाच्या दमट हवेत खोबऱ्याचे पदार्थ लवकर आंबतात. दोन तासांच्या आत ते शीतकपाटात ठेवावेत.

आणखी एक गोष्ट पथ्याइतकीच मोलाची आहे. ज्येष्ठांना केवळ जेवणारे समजू नये. आमच्याकडे वाल सोलण्याचे काम सासूबाईंचे. परात पुढ्यात घेऊन त्या बसतात, नातवंडे भोवती जमतात, बोटे चालत राहतात आणि बिरड्यात आमसूल कधी घालायचे ते त्याच सांगतात. मग पंगत बसते. त्यांच्या पानात पदार्थ थोडे आणि मऊ असतात, पण ते पान पंगतीतलेच असते.