ताटापलीकडची अहिंसा

उल्हास आणि पाताळगंगा या कर्जत-खालापूरच्या जीवनवाहिन्या. भिवपुरी व खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे त्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. उल्हासचे पाणी पुढे बदलापूर, कल्याण व डोंबिवलीच्या घरांत पोहोचते. या खोऱ्यांत भातशेतीच्या जोडीला कुक्कुटपालनाच्या शेडही उभ्या राहिल्या आहेत.

मांसासाठीच्या कोंबड्यांचा व्यवसाय आज मोठ्या प्रमाणावर करार पद्धतीने चालतो. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य व औषधे पुरविते. शेतकरी शेड, पाणी, वीज आणि श्रम देतो. सुमारे ४० दिवसांत पक्षी वजनावर उचलले जातात. रायगड हा भाताचा जिल्हा असल्याने खाद्यातील मका व सोयापेंड घाटापलीकडून येते. त्यातील नत्र-स्फुरदाचा मोठा भाग मात्र विष्ठेच्या रूपाने येथेच उरतो. तुसाच्या गादीत मिसळलेली ही विष्ठा कोरडी राखून शेतात बेताने पसरली, तर उत्तम खत होते. कोकणच्या पावसात उघड्यावर भिजली, तर अमोनियाचा दर्प सुटतो, माश्या वाढतात आणि ओढ्यांवाटे नदीत उतरलेल्या नत्र-स्फुरदामुळे शेवाळ माजते. मग पाण्यातील प्राणवायू घटून जलचर गुदमरतात.

मांसाहार न करणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न परका वाटेल. परंतु दुधाचाही भार आहेच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होऊन ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो. गोबरगॅस संयंत्रात शेणातील वायू उपयोगी पडतो, ढेकरांतील नव्हे. पूर व नेमेचेक यांच्या २०१८ सालच्या जागतिक अभ्यासात समान प्रथिनांमागे चीजचा हरितगृह वायूंचा भार कोंबडीच्या मांसाहूनही अधिक आढळला; वाटाण्याचा भार या दोहोंच्या तुलनेत अत्यल्प होता.

हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे व तिला अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार जैन आचारधर्म करतो. हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळावयाचे १५ व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांत प्राण्यांचा व्यापार आहे आणि जलाशय आटविणेही आहे. व्यापारी घराण्याची कसोटी म्हणूनच स्वयंपाकघराबरोबर वहीखात्यातही लागते. कर्जतची पडीक जमीन शेडसाठी भाड्याने द्यावी काय? मका-सोयापेंडीचा माल अखेर कोठे जातो? लग्नाच्या पंगतीत पनीरचे चार पदार्थ हवेतच काय?

उत्तरे प्रत्येक घराने आपापली शोधावीत. दूध घ्यायचेच, तर शेणाचे खत वा गॅस करणाऱ्या आणि भाकड गाय व गोऱ्हा सांभाळणाऱ्या गोठ्यातून घेता येते. पंगतीत एका पनीरच्या जागी मुगाची वा वाटाण्याची उसळ येऊ शकते. जमिनीच्या भाडेकरारात विष्ठेच्या विल्हेवाटीची अट घालणे तर पूर्णतः मालकाच्याच हाती आहे.