सायकलचा स्टेम : हलका, स्वस्त आणि भरवशाचा

संध्याकाळी होस्टेलच्या सायकल स्टँडवर उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "अरे, सायकल हलकी करायची आहे, स्वस्तात काय बदलू?" आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "स्टेम बदल. सगळ्यात सोपं." सोपं आहे हे खरं. दोन ॲलन की आणि अर्धा तास, झालं काम. पण या सोप्या कामात मी जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी स्टेम म्हणजे काय ते सांगतो, कारण हा अंक सर आणि मॅडमही वाचतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जुनी काळी सायकल येणार. त्या सायकलच्या हँडलची उभी दांडी खाली चिमट्याच्या नळीत उतरते. आत एक पाचर असते. वरचा लांब बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि नळीत घट्ट फसते. हँडल वर-खाली करायचं तर बोल्ट सैल करून डोक्यावर हातोडीचा एक ठोका. आजोबांच्या पिढीला याहून जास्त काही लागलं नाही. माउंटन बाइकवर मात्र १९९० च्या दशकात 'अहेडसेट' पद्धत आली. अमेरिकेतल्या जॉन रेडर याची ही कल्पना. यात चिमट्याची नळी बिनआट्यांची असते, ती फ्रेममधून वर येते आणि स्टेम तिला बाहेरून मिठी मारतो. स्टेमचं दुसरं टोक हँडल पकडतं. म्हणजे तुमचे दोन्ही हात आणि पुढचं चाक यांच्यामध्ये एवढासा ॲल्युमिनियमचा तुकडा. तो सुटला तर ब्रेक कितीही भारी असोत, काही उपयोग नाही.

माझं घर वसईला, होळीजवळ. होळीवरून झेंडाबाजार म्हणा, पारनाका म्हणा, कुठूनही किल्ल्याकडे निघा, रस्ता तळहातासारखा सपाट. सुटीत घरी गेलो की सकाळी किल्ला, नाही तर सुरुची बागेचा किनारा, आणि अंगात जास्तच मस्ती असली तर हायवे ओलांडून तुंगारेश्वरचा चढ. सायकल सेकंडहँड. तिच्यावर ११० मि.मी. लांबीचा स्टेम होता आणि तो मला लांब पडायचा. परत येताना तळहातांना मुंग्या, मान आखडलेली. पण माझं डोकं त्या दुखण्याकडे नाही, वजनाकडे गेलं! मेसच्या काकांच्या काट्यावर जुना स्टेम तोलला, भरला २३६ ग्रॅम. मग शोधाशोध करून एक बिननावाचा, ९० मि.मी. लांबीचा, ९८ ग्रॅमचा स्टेम आणला. १३८ ग्रॅम वाचले म्हणून रूमवर चहा पाजला.

आता इंजिनिअरिंगला आहोत तर हिशेब करू या. मी, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो. त्यात १३८ ग्रॅम म्हणजे ०.१७ टक्के. चढावर बहुतेक सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते असं धरलं, तर एका तासाच्या चढात माझे वाचले सुमारे ६ सेकंद. तुंगारेश्वरला मी दम खायला थांबतो तेव्हा याच्या पन्नासपट वेळ जातो. बाटलीत तेवढं पाणी कमी भरलं असतं तरी तोच परिणाम, तोही फुकटात. (आधी पिऊन टाकलं तर वजन कमी होत नाही, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.)

तीन महिने स्टेम छान चालला. एके रविवारी किनाऱ्यावरून आलो आणि वाळू-खारं पाणी निघावं म्हणून सायकल धुवायला घेतली. फेसप्लेटच्या, म्हणजे हँडलला पुढून दाबणाऱ्या पट्टीच्या कोपऱ्यात, बोल्टच्या भोकाला लागून केसाएवढी काळी रेघ दिसली. वाटलं ग्रीस असेल. फडक्याने पुसली, जाईना. नख फिरवलं तर अडकलं. तडा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तुंगारेश्वर ठरलेलं होतं. चढताना काही झालं नसतं. उतारावर खड्ड्यात पुढचं चाक आदळलं असतं आणि हँडल हातात आलं असतं. मी पायरीवर बसूनच राहिलो थोडा वेळ.

चूक पूर्ण स्टेमची नव्हती. त्याची फेसप्लेट दोनच बोल्टची, पातळ. मी वरचा बोल्ट आधी पार आवळला आणि मग खालचा, तोही "अजून थोडा" करत. पट्टी तेव्हाच वाकली असणार. पुढचं काम फटिगने केलं. चांगल्या स्टीलला ठरावीक मर्यादेखालचा स्ट्रेस कितीही वेळा दिला तरी ते बिचारं सहन करतं. ॲल्युमिनियमला अशी ठळक मर्यादा नसते. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यावर जमा होतो, आणि कोपरा टोकदार असेल तर व्याजासकट.

मग निवडायचा कसा? पहिली गोष्ट मापं. चिमट्याची नळी बहुतेक माउंटन बाइकवर २८.६ मि.मी. असते. हँडलचा मधला भाग जुन्या सायकलींवर २५.४, नंतरच्यांवर ३१.८ आणि काही नव्यांवर ३५ मि.मी. व्हर्निअर लावून बघा, डोळ्याने नको. २५.४ चं हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये बसवायला ३.२ मि.मी. जाडीची तयार शिम मिळते, ती चालते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळून ते काम करणारे महाभाग आपल्याच होस्टेलमध्ये आहेत, त्यांना नमस्कार. स्टेमची नळीवरची उंचीही बघा. बसवल्यावर नळीचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा २-३ मि.मी. खाली राहायला हवं.

दुसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट लांबी. कोपर किंचित वाकलेलं राहून हात सैल पोचले पाहिजेत. पोचायला ताणावं लागत असेल तर १०-२० मि.मी. आखूड घ्या, त्याहून मोठी उडी एकदम नको, कारण आखूड स्टेमने सायकल चटकन वळते आणि सुरुवातीला बावचळायला होतं. इथे एक गंमत आहे. कॅंटिलिव्हरचा वाक लांबीच्या घनावर जातो, म्हणजे ९० चा स्टेम ७० केला तर तेवढ्याच जोराखाली त्याचा वाक निम्म्याहून कमी होतो. शिवाय २० मि.मी. धातू कमी, म्हणजे वजनही कमी. शरीराला आखूड मानवत असेल तर हलकेपणा असा आपोआप पदरात पडतो. उंची हवी असेल तर नवीन काही घ्यायच्या आधी आहे तोच स्टेम उलटा करून बघा. ९० मि.मी. लांबीचा ६ अंशांचा स्टेम पालथा-उताणा केला की हँडलच्या उंचीत सुमारे १८ मि.मी. फरक पडतो. शून्य रुपये!

धातूबद्दल बढाया फार ऐकू येतात. ७०७५ हा ६०६१ पेक्षा जवळजवळ पावणेदोनपट मजबूत, हे बरोबर. पण दोघांचा यंग्ज मॉड्युलस जवळपास सारखाच, ७० जीपीएच्या आसपास. म्हणून ७०७५ ची भिंत पातळ करून स्टेम हलका केला की तो तुटणार नाही कदाचित, पण लवेल जास्त. आपल्यासारख्यांना ६०६१ चा फोर्ज केलेला, चार बोल्टच्या फेसप्लेटचा, १३० ते १७० ग्रॅमचा स्टेम पुष्कळ झाला. हलकाच हवा असेल तर तैवानच्या कॅलॉय कंपनीचे 'ऊनो' नावाचे स्टेम हलके असूनही बेताच्या किमतीचे म्हणून सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहेत. टायटॅनियमचे बोल्ट घेऊ नका. सहा बोल्टमध्ये जेमतेम १० ग्रॅम वाचतात. कार्बनचे स्टेम पुष्कळदा आतून ॲल्युमिनियमचेच, वर कार्बनची शाल.

बसवताना एकच गैरसमज जीव घेऊ शकतो. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही. त्याचं काम बेअरिंगमधली ढिलाई काढणं एवढंच. आधी बाजूचे बोल्ट सैल ठेवून टोपी हलकेच आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. खटखट थांबली आणि हँडल मोकळं वळतंय, म्हणजे बस. मग चाकाशी सरळ रेषेत आणून बाजूचे दोन बोल्ट आलटून पालटून आवळा. फेसप्लेटचे चार बोल्ट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, वरची आणि खालची फट सारखी राखून. (काही स्टेमवर एका बाजूची फट बंदच ठेवायची असते, तसं त्यावर लिहिलेलं असतं.)

किती आवळायचं ते स्टेमवर छापलेलं असतं, बहुधा ५ किंवा ६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच कुणाकडे नसतो. आम्ही प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा वापरतो. ॲलन कीच्या लांब दांड्यावर बोल्टच्या मध्यापासून ८ सें.मी. अंतरावर हुक अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. काटा साडेसहा किलोच्या जरा अलीकडे आला की झाले ५ न्यूटन-मीटर. पहिल्यांदा केलं तेव्हा हातच्या अंदाजाने मी जवळजवळ दुप्पट आवळत होतो हे कळलं.

वसईकरांसाठी आणि एकूणच किनाऱ्यावरच्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेत स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे आटे एकत्र आले की गंज ॲल्युमिनियमला खातो, पांढरी भुकटी दिसते आणि एक दिवस बोल्ट फिरेनासा होतो. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा. वर्षातून एक-दोनदा बोल्ट काढून आट्यांना किंचित ग्रीस लावा, हँडल पकडतात त्या जागी मात्र नको. आणि पुसताना कोपऱ्यांवर नख फिरवा.

सध्या माझ्या सायकलवर ७० मि.मी. लांबीचा, चार बोल्टचा, १४२ ग्रॅमचा साधा काळा स्टेम आहे. मुंग्या गेल्या. तडा गेलेला तो ९८ ग्रॅमवाला टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. बघायचा असेल तर रूमवर या, व्हर्निअर आणि हुकवाला काटाही मिळेल. फक्त परत आणून द्या, मागचा काटा अजून आलेला नाही.